सातबाऱ्यावर नाव आणि पाण्यात पाळी: बाईच्या नावाची बागायत उभी करताना

२०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतखात्यांपैकी सुमारे १४ टक्के खाती बायकांच्या नावावर निघाली. लागण, खुरपणी, तोडणी, वेचणी ही कामे मात्र बायकांशिवाय एका गावातही होत नाहीत. हे अंतर कमी करायचे म्हणून वारसनोंदी होतात, मोहिमा निघतात, आणि ते चांगलेच आहे. पण बागायती पट्ट्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडते: बहिणीला किंवा विधवा भावजयीला जमिनीचा हिस्सा मिळतो आणि विहीर, मोटर, पाटाची पाळी भावांकडेच राहते. कोरडा हिस्सा हातात घेऊन ती करणार काय? दोन-तीन वर्षांत तीच जमीन खंडाने भावाकडे परत जाते. म्हणून जमिनीचा हक्क आणि पाण्याचा हक्क, दोन्ही कागदावर वेगवेगळे मिळवायचे आहेत असे धरूनच कामाला लागा. पुढची माहिती महाराष्ट्रातल्या कायद्याला आणि कचेऱ्यांच्या रिवाजाला धरून आहे.

आधी सातबारा नीट वाचा

महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. सोबत ८अ चा उतारा (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीची यादी) आणि शेवटच्या वारसनोंदीचा फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) काढा. सातबाऱ्यावर नुसते नाव दिसले म्हणून समाधान मानू नका. नाव कोणत्या रकान्यात आहे, ते पाहा.

सगळ्यात जास्त सापडणारा दोष म्हणजे मुलींची नावे ‘इतर हक्क’ सदरी. पूर्वी वडील वारले की भाऊ कब्जेदार (जमीनधारक) सदरी आणि बहिणी इतर हक्कात, अशी नोंद सर्रास होत असे. इतर हक्कातल्या नावाला मालकीचा हिस्सा कागदावर दिसत नाही, त्यामुळे पीककर्ज नाही, ठिबकचे अनुदान नाही, वीजजोडणी नाही. दुसरा दोष ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावापुढे ही अक्षरे आणि बाकी कुणाचे नावच नाही, अशी खाती अजून निघतात. तिसरा दोष विधवेच्या वाट्याला येतो. मुले अज्ञान असताना नवरा वारला तर ‘अ.पा.क. आई’ अशी नोंद होते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ती फक्त मुलांची पालक म्हणून लागलेली असते. तिचा स्वतःचा वारसहक्क वेगळ्या ओळीत कब्जेदार म्हणून लागला नसेल, तर मुले अठरा वर्षांची झाली की पालकाचा शेरा निघतो आणि सातबाऱ्यावरून तिचे नावच पुसले जाते. आणि नावाला कंस पडलेला असेल तर ते नाव कमी झालेले आहे. कोणत्या फेरफाराने कमी झाले, त्याचा क्रमांक शेजारी असतो. तो फेरफार काढून वाचा.

नाव चुकून इतर हक्कात गेले असेल, म्हणजे फेरफारात सगळे वारस बरोबर असून सातबाऱ्यावर उतरवताना गडबड झाली असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज द्या. फेरफारातच वारस गाळले असतील तर १५५ चा उपयोग नाही. तिथे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे, अपील करावे लागते. मुदत ६० दिवसांची. ती टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा आणि त्यात नोंद कधी आणि कशी कळली ते स्पष्ट लिहा. नुसते ‘अशिक्षित असल्याने माहिती नव्हती’ एवढे लिहिलेले अर्ज टिकत नाहीत.

एक लक्षात असू द्या: फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकी त्याने ठरत नाही. नाव चढले नाही म्हणून हक्क गेला असे होत नाही. पण बँक, महावितरण आणि कृषी खाते सातबाराच पाहतात, म्हणून नोंद लागतेच.

हक्क किती?

हिंदू उत्तराधिकार कायद्याची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकीच हिस्सेदार झाली. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, हा वाद बरीच वर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला: वडील आधी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो. लग्न कधी झाले याला महत्त्व नाही. अपवाद एवढाच की २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर वाटणी किंवा विक्री झालेली असेल तर ती उलटवता येत नाही. ‘आमची तोंडी वाटणी तेव्हाच झाली होती’ असे भाऊबंद म्हणतात. अशी तोंडी वाटणी न्यायालय सहसा मान्य करत नाही, सरकारी कागदाचा भक्कम पुरावा लागतो.

हिशेब साधा आहे. मृत्युपत्र न करता वडील वारले, मागे आई, एक मुलगा, दोन मुली. चार एकर जमिनीत प्रत्येकी एक एकर, म्हणजे ४० गुंठे. आईचा हिस्सा मुलांइतकाच, हे बऱ्याच घरांत सोयीने विसरले जाते. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केले असेल, तर मृत्युपत्राप्रमाणे जाते.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना लागतो. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांचे नियम वेगळे. अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही, पण जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात आदिवासी बाईलाही वारसाचा समान हक्क दिला. त्या निकालाची प्रत अर्जाला जोडता येते.

वारसनोंद

खातेदार वारल्यापासून तीन महिन्यांत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (तलाठ्याचे आताचे पदनाम) कळवायचे असते. उशीर झाला म्हणून नोंद नाकारता येत नाही. अर्ज ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या करता येतो किंवा कचेरीत देता येतो. कचेरीत दिलात तर पोच घेतल्याशिवाय उठू नका. जोडायचे कागद: मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावे, वये, पत्ते आणि नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र, आधार, सातबारा व ८अ.

प्रतिज्ञापत्रातली वंशावळ हाच या सगळ्याचा कणा आहे. ती बहुधा भाऊ लिहून आणतो आणि तीत बहीण नसते. म्हणून अर्ज बहिणीने किंवा आईनेच केला तर बरे. मुलींची नावे लिहिताना माहेरचे आणि सासरचे दोन्ही लिहा, म्हणजे ‘… भ्र. …, पूर्वाश्रमीचे नाव …’ असे (भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा). आधारवर सासरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, एवढ्या कारणाने अनुदानाचे अर्ज महिनोन्‌महिने अडकतात.

अर्जावरून गाव नमुना ६क या वारस नोंदवहीत नोंद होते, चौकशी होते, मंडळ अधिकारी वारस ठरवतात आणि मग फेरफार धरला जातो. त्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते. ती ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावाचे नाव टाकून कुणालाही पाहता येते. परगावी दिलेल्या मुलींनी ही सवय लावून घ्यावी: घरात मृत्यू झाल्यावर सहा-आठ महिने, पंधरवड्यातून एकदा चावडी पाहायची. आपल्याला गाळून फेरफार धरला गेला असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या. हरकत आली की प्रकरण तक्रारी नोंदीत जाते आणि सुनावणीशिवाय फेरफार मंजूर होत नाही. १५ दिवस उलटल्यावर हेच काम अपिलात जाते आणि वर्ष घेते.

हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

‘तुझे नाव नुसते अडचणीचे आहे, दरवेळी सहीला यावे लागते, सोडून दे.’ हे वाक्य वारसनोंदीच्या पाठोपाठ येतेच. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असेल तरच चालते. तलाठ्यापुढचा जबाब किंवा मुद्रांक कागदावरची नोटरी याने हक्क सुटत नाही. पण एकदा दुय्यम निबंधकापुढे सही झाली की तो परत मिळवायला फसवणूक सिद्ध करावी लागते, आणि ते फार अवघड.

सही करायचीच असेल तर तीन गोष्टी आधी तपासा. कोणाच्या हक्कात सोडता आहात? बहिणींनी ‘भावाच्या’ म्हणून सोडले आणि आईचाही हिस्सा त्याच कागदात गेला, असे होते. कोणते गट (गट नंबराचे जमिनीचे तुकडे) सोडता आहात? सगळे सोडण्याऐवजी एक गट स्वतःकडे ठेवता येतो. आणि विहीर कोणत्या गटात आहे? विहिरीचा गट सोडून जिरायत गट ठेवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, कारण तो गट गावाजवळ किंवा रस्त्याला असतो. अडचण फक्त सहीची असेल तर नाव तसेच ठेवून एखाद्या कामापुरते मुखत्यारपत्र देता येते. तेही ‘पीककर्जापुरते’, ‘वीजजोडणीपुरते’ असे नेमके लिहून. विक्रीचा अधिकार त्यात चुकूनही नको.

नवरा हयात असताना

नवऱ्याच्या जमिनीत तो हयात असेपर्यंत बायकोला वारसहक्क नसतो. इथे दोन वाटा आहेत. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे बायकोच्या नावे जमीन करून देण्याची, मोहीम चालवली, आणि पुढे महसूल विभागाने १५ सप्टेंबर १९९२ चे परिपत्रक काढले. त्यानुसार नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर त्याच्या जमिनीवर बायकोचे नाव सहधारक म्हणून लागते. त्याला खरेदीखत किंवा नोंदणी लागत नाही. काही ठिकाणी ‘असे काही नाही’ असे उत्तर मिळते, म्हणून परिपत्रकाची प्रत सोबत ठेवा. जमीन भावाभावांत सामाईक असेल तर हा अर्ज अडतो. आधी वाटणी करून घ्या.

दुसरी वाट नोंदणीकृत बक्षीसपत्राची. नवरा, बायको, मुले, नातवंडे आणि वारलेल्या मुलाची बायको यांना शेतजमीन बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काची मोठी सवलत आहे. स्थानिक अधिभार वेगळा लागतो, तो आधी विचारून घ्या. सहधारक म्हणून नाव लागण्यापेक्षा ही वाट जास्त पक्की, कारण गट किंवा त्याचा ठरलेला भाग पूर्णपणे तिचा होतो. विधवा सुनेला सासऱ्याने हयातीतच असे लिहून दिले तर पुढची भांडणे वाचतात.

वाटणी: पाणी इथेच मिळते किंवा जाते

सगळे सहमत असतील तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटणी होते, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करता येते. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी राज्य सरकारने २०२५ मध्ये माफ केली. एकाचा जरी विरोध असेल तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा करावा लागतो. त्यात सुरुवातीलाच जमीन विकू नये म्हणून मनाईचा अर्ज द्या.

तुकडेबंदीचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकडा याहून लहान करता येत नाही ती मर्यादा, २०२३ पासून बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे आहे. हिस्सा त्याहून लहान पडत असेल तर सरसनिरस (चांगली-हलकी जमीन पाहून केलेली) वाटणी अडते. अशा वेळी दोन बहिणींनी किंवा आई-मुलीने एकत्र एक तुकडा सामाईक घेणे चांगले. गावात नकाशावर वाटणी करताना बांध, रस्ता, पोटखराबा सगळे पाहतात आणि विहिरीबद्दल एकच ओळ लिहितात: ‘विहीर सामाईक.’ या दोन शब्दांनी काहीही मिळत नाही. कुणाचा हिस्सा किती, पाळी कोणती, मोटर कुणाची, पाइप कुठून, हे सगळे लिहावे लागते. वाटणीपत्रात पुढच्यासारखा मजकूर घाला (यात क्र. ३ म्हणजे हिस्सा घेणारी बाई):

‘गट नं. … मधील विहीर, तीवरील ५ अश्वशक्तीची मोटर, वीजजोडणी व पाइपलाइन सर्व हिस्सेदारांत सामाईक राहील. त्यात क्र. ३ यांचा १/४ हिस्सा राहील. पाण्याची पाळी आठ दिवसांची असून प्रत्येक पाळीतील तिसरा व चौथा दिवस क्र. ३ यांचा राहील. त्या दिवशी वीज नसल्यास अथवा मोटर बंद असल्यास तेवढे तास पुढील पाळी सुरू होण्यापूर्वी भरून द्यावेत. क्र. ३ यांनी ठिबक बसविल्यास त्याच प्रमाणात दररोज अथवा एक दिवसाआड तासांनी पाणी घेता येईल. वीजबिल, दुरुस्ती व गाळ काढण्याचा खर्च हिश्शाप्रमाणे सोसावा. गट नं. … च्या पूर्व बांधालगत पाइपलाइन नेण्याचा, ती दुरुस्त करण्याचा व विहिरीपर्यंत पायी व ट्रॅक्टरने जाण्याचा क्र. ३ यांचा हक्क कायम राहील.’

यातले प्रत्येक वाक्य एकेका ठरलेल्या भांडणासाठी आहे. तास भरून देण्याची अट नसली तर लाईट गेलेला दिवस नेमका तिच्याच वाट्याला येतो. ठिबकचे वाक्य नसले तर आठ दिवसांनी एकदा पाणी मिळून ठिबक निकामी ठरते, कारण ठिबकला थोडे पण वरचेवर पाणी लागते. पाट-पाण्यावर मात्र तासांपेक्षा दिवसाची पाळी बरी. उन्हाळ्यात विहीर दोन-तीन तासांत उपसते आणि मग पाझरावर चालते. ‘रोज दोन तास’ घेणाऱ्याला भावाच्या मागे रिकामी विहीर मिळते. पूर्ण दिवस तिचा असेल तर त्या दिवसाचा पाझरही तिचा.

वाटणी झाल्यावर विहिरीतला हिस्सा सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदवून घ्या, विहिरीच्या गटावरही आणि स्वतःच्या गटावरही. विहिरीचा गट उद्या विकला गेला तर नव्या मालकाला हीच नोंद दाखवायची आहे.

किती पाणी पुरते, हे हिशेबानेच ठरवा. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. पाटाने एक पाणी द्यायचे तर साधारण ७ सेंटिमीटर, म्हणजे २ लाख ८३ हजार लिटर. पाच अश्वशक्तीची मोटर २० ते २५ मीटर उचलीवर सेकंदाला ७ लिटर, तासाला २५ हजार लिटर देते. एक एकर भिजवायला ११ तास झाले. थ्री फेज लाईट दिवसाला आठ तास धरली तर एका दिवसात एकर होत नाही, दोन दिवस लागतात. चार हिस्सेदारांत आठ दिवसांची पाळी यावरूनच आली. आता ठिबक पाहा: पाच फुटांवर नळी, ४० सेंटिमीटरवर तोटी, तोटी तासाला २ लिटरची. एकरात सुमारे ६,७०० तोट्या, तासाला साडेतेरा हजार लिटर. रोजची गरज ५ मिलिमीटर, म्हणजे २० हजार लिटर. दीड तासात काम संपते. रात्री अकरा वाजता शेतात एकटीने दारे धरण्याऐवजी दिवसा दीड तास मोटर चालू करणे, हा फरक बाईच्या शेतीत फार मोठा आहे. पाट-पाणीच असेल तर रात्रीची लाईट आणि दिवसाची लाईट सगळ्यांत सारखी वाटून येईल, असे पाळीचे वेळापत्रक करा.

पाइपलाइन दुसऱ्याच्या रानातून न्यायची आणि तो अडवतो आहे, तर महसूल अधिनियमाच्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. नळ जमिनीखाली किमान अर्धा मीटर खोल पुरायचा, नुकसान झाले तर भरपाई द्यायची. आधीपासून चालू असलेला पाट किंवा वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली दावा करा. तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ‘गावातच मिटवू’ म्हणत बैठका चालतात आणि सहा महिने निघून जातात. बैठका चालू द्या, पण दावा दाखल करून.

पाटाचे पाणी

कालव्याच्या लाभक्षेत्रात जलसंपदा विभाग प्रत्येक हंगामाआधी प्रकटन (जाहीर सूचना) काढतो आणि नमुना ७ वर पाणीमागणी अर्ज मागवतो. रब्बी हंगाम १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, उन्हाळी १ मार्च ते ३० जून. अर्ज आपल्या नावाने, आपल्या क्षेत्रासाठी भरा. भावाच्या अर्जात आपले क्षेत्र धरले गेले तर पाणीपट्टीची पावतीही त्याच्याच नावाने निघते, आणि पुढे पाणी घेतल्याचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही. अडचण येते ती जुन्या थकबाकीची. वडिलांच्या नावावरची बाकी सगळ्या गटावर दाखवली जाते आणि नव्या खातेदार बाईचा अर्ज परत येतो. आपल्या हिश्शाएवढी बाकी भरून वेगळी पावती मागा आणि तसा लेखी अर्ज शाखा कार्यालयात द्या.

२००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानंतर अनेक लघुवितरिकांवर (कालव्याच्या लहान फाट्यांवर) पाणी वापर संस्था आल्या. तिथे पाणी घनमापाने मोजून संस्थेला मिळते, आणि संस्था ते क्षेत्राच्या प्रमाणात सभासदांना देते. वाटप शेपटाकडून (फाट्याच्या शेवटच्या टोकाकडून) मुखाकडे करायचे असते. संस्थेच्या सभासद यादीत नाव आहे का, हा पहिला प्रश्न. सामाईक गटात बऱ्याचदा घरातल्या पुरुषाचेच नाव चढवलेले असते. नवा सातबारा आणि फेरफार जोडून यादीत दुरुस्ती मागा, आणि तीही निवडणुकीच्या आधी, कारण मतदान यादीवरच होते. संचालक मंडळात मुख, मध्य आणि शेपूट या तिन्ही भागांतून लोक जातात आणि बायकांसाठी राखीव जागा असतात. त्या जागेवर नुसते नाव देऊन सह्या घरी आणल्या जाऊ नयेत, यासाठी एवढे करा: आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची फेरी) सुरू होण्याआधीची बैठक चुकवू नका. पाळीपत्रक त्याच बैठकीत ठरते. बाकीच्या बैठका त्यामानाने दुय्यम.

पाळीपत्रकात आपल्या नावापुढे किती तास आहेत ते तपासायला एक सोपा हिशेब आहे. चारीत (शेतापर्यंतच्या लहान पाटात) एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, पाणी असेल तर एका तासात एका एकरावर एक इंच पाणी बसते. तीन इंचांचे भरणे हवे तर एकराला तीन तास, वर चारीतली गळती. चारी गवताने भरली असेल तर शेपटाला तीन तासांत दोनच इंच पडते, म्हणून चारी साफ करण्याचा ठराव हा शेपटाच्या सभासदाने आवर्तनाआधी मांडायचा विषय आहे. रात्रीची पाळी दर आवर्तनाला एकाच खातेदारावर येऊ नये, ती फिरती असावी, हेही ठरावात लिहून घ्या.

आणि जमीनच नसेल तर? पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाणी जमिनीच्या एकरांवर वाटले नाही, घरातल्या माणसांवर वाटले. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. आज उपसा सिंचनाची नवी खासगी योजना करताना गावकऱ्यांना हा नियम स्वीकारता येतो. भूमिहीन किंवा टाकलेल्या बायकांचा गट आपला पाण्याचा वाटा घेऊन खंडाच्या जमिनीवर भाजी करू शकतो. अशा वेळी खंडाचा करार मात्र लेखी हवा.

मोटर, सौरपंप, ठिबक

वडिलांच्या नावावरची वीजजोडणी वारसांच्या नावावर करून घ्या, नाहीतर बिलाच्या थकबाकीची आणि अनुदानाची गुंतागुंत सुटत नाही. नवी जोडणी किंवा सौरपंप घेताना सातबाऱ्यावर पाण्याच्या स्रोताची नोंद लागते आणि सामाईक विहिरीला इतर हिस्सेदारांचे संमतीपत्र लागते. भाऊ नेमका इथे सही अडवतो, म्हणून वाटणीपत्रातच ‘स्वतंत्र वीजजोडणी अथवा सौरपंप बसविण्यास इतरांची संमती आहे’ हे वाक्य टाका. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यावर साडेसातचा पंप मिळतो. शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. पॅनेल बसवताना झाडाची सावली दुपारी पडणार नाही एवढे पाहा, आणि बसवणाऱ्याकडून पंपाची खोली-उचल लिहून घ्या. उथळ विहिरीचा पंप खोल बोअरवर टाकला की पाणी अर्धेच येते.

ठिबकला महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या संकेतस्थळावर अर्ज होतो. अल्प-अत्यल्प भूधारकाला राज्याची भर धरून ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान. शेतकरी ओळख क्रमांक आता सक्तीचा आहे आणि तो सातबाऱ्यावरच्या प्रत्येक धारकाला स्वतंत्र काढता येतो. नवऱ्याचा काढला म्हणजे झाले, असे नाही. मंजुरीपत्र येण्याआधी साहित्य विकत घेतले तर अनुदान मिळत नाही. अवजारांवर बायकांना, तसेच अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना ५० टक्के आणि बाकीच्या शेतकऱ्यांना ४० टक्के, असा फरक आहे.

नाव वापरात ठेवा

हंगामात ई-पीक पाहणी स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या क्षेत्राची करा आणि जलस्रोत, सिंचन पद्धत नीट भरा. नमुना १२ वर (सातबाऱ्याच्या पिकांच्या भागात) ‘कालवा’ किंवा ‘विहीर’ असे वर्षानुवर्षे येत राहिले तर पाण्याच्या वहिवाटीचा तो चांगला पुरावा होतो. ऊस असेल तर कारखान्याच्या गट कार्यालयात उसाची नोंद तिच्या सातबाऱ्यावर आणि बिल तिच्या बँकखात्यावर. गावच्या विकास सोसायटीचे सभासदत्व घ्या. वेळेत फेडले तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर राज्यात व्याज पडत नाही. पीएम किसानचे मात्र नवरा-बायको मिळून एकच धरतात, तिथे वेगळा अर्ज करून वेळ घालवू नका.

शेवटचे काम मृत्युपत्राचे. बाईला आई-वडिलांकडून वारसाने आलेली जमीन, तिला मूलबाळ नसेल तर, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वडिलांच्या वारसांकडे परत जाते. नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून आलेली नवऱ्याच्या वारसांकडे. तिला सांभाळणाऱ्या भाचीचा किंवा मानलेल्या मुलीचा त्यात काही संबंध राहत नाही. जमीन नावावर झाली की त्याच महिन्यात मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार असे घ्या की ज्यांना त्या जमिनीत काही मिळणार नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या. आणि त्यात गट नंबराबरोबर विहिरीतला हिस्सा, पाळीचे दिवस आणि पाइपलाइनचा हक्क नावानिशी लिहा.